पडद्यावरची गाडी, टेबलावरचे रूळ

किल्लारीला रेल्वे नाही. गाडी गाठायची तर औसा ओलांडून चाळीसेक किलोमीटरवरच्या लातूरला जावं लागतं. तरीही 1953 सालच्या एका इंग्रजी विनोदी चित्रपटातल्या इंजिनाचं बोटभर मॉडेल कुणी इथं टेबलावर मांडलं, तर ते इंजिन अगदीच परमुलखातलं ठरणार नाही. ते घडलं इंग्लंडातल्या लीड्स शहरात. ते घडवणाऱ्या भागीदारांपैकी एकाचं नाव किटसन. आणि साठेक वर्षांनी त्याच लीड्समधल्या, त्याच किटसनच्या नावानं चालणाऱ्या कारखान्यातून निघालेली इंजिनं आपल्या बार्शी लाइटवर धावू लागली. लातूरच्या जुन्या माणसांच्या आठवणीतली ती नॅरोगेज आणि लंडनच्या स्टुडिओतली ती नटवी गाडी यांचं मूळ असं एका गावात सापडतं.

चित्रपटाचं नाव ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’. ईलिंग स्टुडिओचा हा पहिला रंगीत विनोदपट. कथा टी. ई. बी. क्लार्कची, दिग्दर्शन चार्ल्स क्रिक्टनचं. टिटफील्ड नावाच्या काल्पनिक खेड्याचा रेल्वेफाटा सरकार बंद करायला निघतं. गावचा पाद्री आणि जमीनदार म्हणतात, बंद कशाला, आम्हीच चालवतो. पैसा कोण देणार? गावातला एक सधन तळीराम. गावातला गुत्ता उघडायच्या वेळा कायद्यानं ठरलेल्या, पण धावत्या गाडीतल्या बारला तो नियम लागू नाही, हे कळताच त्याचा खिसा सैल होतो. समोर शत्रू म्हणून बसवाल्यांची जोडी उभी. एसटी आणि काळी-पिवळी यांची प्रवाशांसाठी चाललेली ओढाताण ज्यानं पाहिली आहे, त्याला या भांडणाची वेगळी ओळख करून द्यायला नको. सरकारी तपासणीच्या आदल्या रात्री बसवाले घात करून इंजिन आणि डबा उलथवतात. मग गावकरी संग्रहालयात ठेवलेलं शंभराहून अधिक वर्षांचं इंजिन बाहेर काढतात, एका म्हाताऱ्यानं घर करून वापरलेला जुना डबा सपाट वाघिणीवर साखळदंडांनी बांधतात आणि गाडी सोडतात.

हे संग्रहालयातलं इंजिन म्हणजेच थंडरबोल्ट. त्याची भूमिका करणारं इंजिन खरं होतं, आणि त्याचं खरं नाव ‘लायन’. टॉड, किटसन आणि लेर्ड या लीड्सच्या मंडळींनी ते 1838 मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर रेल्वेसाठी घडवलं. ही रेल्वे 1830 ची, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या प्रवासी मार्गांपैकी. आपल्या बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या 15 वर्षं आधीचं हे इंजिन. 1859 मध्ये ते लिव्हरपूलच्या गोदी मंडळाला विकलं गेलं आणि तिथं एका जागी बसवून त्याच्याकडून पंप चालवून घेतला गेला. पुढची जवळजवळ 70 वर्षं ते पाणी उपसत राहिलं. इंजिनाचा पंप झाला म्हणूनच ते वाचलं. रुळांवर राहिलं असतं तर कधीच भंगारात गेलं असतं. 1930 मध्ये त्या रेल्वेच्या शताब्दीसाठी त्याची डागडुजी झाली, आणि 1952 च्या उन्हाळ्यात, वयाच्या 114 व्या वर्षी, ते कॅमेऱ्यापुढं स्वतःच्या वाफेवर चाललं. आज ते लिव्हरपूलच्या संग्रहालयात उभं आहे.

अशा इंजिनाची मॉडेलं गोळा करणारी माणसं असतात, यात मोठं नवल नाही. नवल पुढंच आहे. चित्रपटप्रेमी संग्राहकाला नुसतं इंजिन पुरत नाही, त्याला अख्खा रेक हवा असतो. लायन हवं. आधी उलथलेलं ग्रेट वेस्टर्नच्या 1400 वर्गाचं छोटं टाकी-इंजिन हवं, त्यावर 1401 हाच क्रमांक हवा. सुरुवातीच्या गाडीतला, दोन्ही टोकांना उघडी पडवी असलेला डबा हवा. म्हाताऱ्याचं घर आणि त्याखालची ती बुटकी वाघीण हवी. मागं गार्डाचा डबा हवा. पडवीचा तो डबा मूळचा विस्बेक आणि अपवेल ट्राम-मार्गावरचा. पूर्व इंग्लंडातल्या त्याच मार्गालगतच्या गावात पुढं पाद्री झालेल्या ऑड्री यांनी थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिल्या, आणि त्यांतल्या टोबीच्या मागची हेन्रिएटा ही अशाच डब्यावरून बेतलेली. टीव्हीवर थॉमस पाहून वाढलेल्या आपल्याकडच्या पोरांनीही हा डबा नकळत पाहिलेला आहे.

आता एक साधा प्रश्न. हा अख्खा रेक चित्रपटाबाहेर कधी अस्तित्वात होता का? नव्हता. चित्रपटातली गाडी ही तुकड्यांची गाडी असते. टिटफील्डचे रूळ म्हणजे बाथ शहराजवळचा लिम्प्ली स्टोक ते कॅमर्टन हा फाटा. तिथली प्रवासी वाहतूक 1925 मध्येच थांबली होती, मालगाड्या 1951 मध्ये थांबल्या, आणि चित्रीकरण आटोपल्यावर काही वर्षांनी रूळही उखडले. टिटफील्ड स्टेशन म्हणजे मंक्टन कूम नावाचं स्टेशन. एका प्रसंगात दोघे जण चोरलेलं इंजिन गावातल्या रस्त्यावरून पळवतात. ते इंजिन लाकडाचं होतं आणि त्याच्या खाली लॉरी होती. म्हणजे एकच ‘गाडी’ कुठं लोखंडाची, कुठं लाकडाची, कुठं भलत्याच मार्गावरून उसनी आणलेली. पाहणाऱ्याच्या डोक्यात ती सलग होते, एरवी कुठंच नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर घरोघरी पाठ आहे. ‘आराधना’ (1969) मधलं दार्जिलिंगच्या गाडीचं गाणं. खाली जीपमध्ये राजेश खन्ना आणि सुजित कुमार, वर खिडकीत पुस्तक घेतलेली शर्मिला टागोर. गाडी खरी, रस्ता खरा. दार्जिलिंगची दोन फुटी रेल्वे हिल कार्ट रस्त्याला बिलगून जाते, त्याला वारंवार छेदते, म्हणूनच जीप आणि डबा असे हातभर अंतरानं चालू शकतात. ही सोय त्या डोंगराच्या भूगोलानं दिग्दर्शकाला फुकट दिली. पण नायिका त्या डोंगरात नव्हती. तारखा जुळेनात म्हणून तिची दृश्यं नंतर स्टुडिओत घेतली. ती ज्या डब्यात बसली आहे तो डबा आणि जो डबा वळणावर वळतो तो, हे दोन वेगळे. ‘शोले’तला (1975) गाडीवरचा दरोडा पनवेलच्या परिसरात सात आठवडे चित्रित होत होता, आणि पडद्यावर काही मिनिटांत तो आटोपतो.

म्हणून मला या छंदाचं खरं मर्म इथं दिसतं. सिनेमानं जी गाडी तुकड्यातुकड्यांनी भासवली, ती संग्राहक पहिल्यांदाच सलग जोडतो. पडद्यावर इंजिनाची डावी बाजू दिसली, उजवी दिसलीच नाही, तर मॉडेल करणाऱ्याला ती शोधून काढावी लागते. डब्याचं छप्पर कॅमेऱ्यानं दाखवलं नाही, तरी टेबलापाशी उभं राहून वरून पाहणाऱ्याला आधी छप्परच दिसतं. चित्रपटाच्या नेपथ्यकाराला जी लबाडी चालते, ती याला चालत नाही.

कारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट आणखी रंजक आहे. प्लॅस्टिकचं मॉडेल ओतण्यासाठी पोलादाचा साचा लागतो आणि सगळा खर्च त्या साच्यात असतो. एकदा साचा झाला की त्यातून एकच इंजिन वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या क्रमांकांनी काढता येतं. चित्रपट इथं कंपनीच्या पथ्यावर पडतो. हॅरी पॉटरच्या गाडीचं लाल इंजिन म्हणजे मुळात ग्रेट वेस्टर्नच्या हॉल वर्गातलं 5972, ‘ऑल्टन हॉल’. लाल रंग आणि नवी नावपाटी लागली की नेहमीचं इंजिन जादूच्या शाळेचं होतं, खऱ्या जगात आणि दुकानातही. लायनच्या बाबतीत तर हॉर्नबी आणि रॅपिडो या दोन कंपन्या एकाच सुमाराला, 2022 च्या आगेमागे, बाजारात उतरल्या. 70 वर्षं वाट पाहिलेल्या गिऱ्हाइकांपुढं एकदम दोन लायन. एक जुन्या रेल्वेच्या रूपातलं घ्यायचं की चित्रपटातल्या लाल-हिरव्या रंगातलं, यावर संग्राहकांत दोन तट असतात. मी चित्रपटाच्या बाजूचा. संग्रहालयातलं रूप संग्रहालयात पाहावं.

मॉडेलांवरच्या बारीक अक्षरांचं काय करतात, ही मला कायम चकित करणारी करामत. डब्यावर दर्जाचा आकडा, क्रमांक, सोनेरी रेघ, सगळं मिलिमीटरभर उंचीचं. कोरलेल्या पत्र्यात शाई भरतात, वरची पुसून काढतात, खाचेत उरलेली शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि डब्याच्या वाकड्यातिकड्या अंगावर जशीच्या तशी टेकवतो. गोळा मऊ असल्यानं बॉयलरच्या गोलाईवर, रिबिटांच्या उंचवट्यावरही तो दबून बसतो. एकेका रंगासाठी एकेक फेरी. भिंगाखाली पाहिलं तर कारखान्याचं नावही वाचता येतं.

रूळ आणि माप हा या छंदाचा सगळ्यात गमतीचा भाग, आणि इथंच लातूर पुन्हा येतं. ब्रिटिश मॉडेलांचं नेहमीचं माप म्हणजे ‘ओओ’: खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे 76.2 पट लहान. लायनची मोठी चाकं पाच फुटी, म्हणजे मॉडेलात बरोबर 20 मिलिमीटर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. पण रूळ पाहा. खऱ्या रुळांतलं अंतर 1435 मिलिमीटर, त्याला 76.2 नं भागलं तर जवळजवळ 19 मिलिमीटर यायला हवं. प्रत्यक्षात ओओचे रूळ 16.5 मिलिमीटरचे. इतकी मोठी चूक सगळ्या ब्रिटनानं का पोटात घातली? कारण इंग्लंडातली खरी इंजिनं युरोप-अमेरिकेच्या मानानं अंगानं बारीक. सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटारी त्या बारीक अंगात मावेनात. तेव्हा त्यांनी 16.5 मिलिमीटरचे रूळ तसेच ठेवले आणि वरचं इंजिन थोडं फुगवलं. बाकी जगानं 87 पट लहान, ‘एचओ’ हे माप धरलं, तिथं 16.5 चा हिशेब चोख बसतो. मोटारी पुढं इवल्याशा झाल्या, पण तोवर लाखो घरांत रूळ पडले होते. कोण उखडणार?

आपल्या ब्रॉडगेजचं तर याहून अवघड. 1676 मिलिमीटरचे आपले रूळ एचओमध्ये 19 मिलिमीटरहून जास्त व्हायला हवेत, आणि तसे रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. आपल्याकडचे हौशी लोक मग 16.5 वरच भारतीय डबे चालवतात. खेळण्यांच्या दुकानात मिळणारे भारतीय रंगसंगतीतले प्लॅस्टिकचे डबे आणून त्यांना परदेशी चाकं बसवायची, खिडक्यांना गज लावायचे, ही आपली खास जुगाड परंपरा. तयार, भरगच्च लेआउट पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. 1998 पासून लोकांसाठी खुलं. एका माणसाच्या हौसेचं सार्वजनिक वास्तूत रूपांतर झाल्याचं इतकं सुंदर उदाहरण महाराष्ट्रात दुसरं चटकन आठवत नाही. तिथं एचओच्या गाड्या पूल, सांधे, सिग्नल ओलांडत फिरतात आणि भोवती अख्खं शहर चालू असतं.

आता बार्शी लाइट. तिचं गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. भागा 87 नं. उत्तर 8.76. म्हणजे जवळजवळ नऊ. आणि नऊ मिलिमीटर रुळांचं एक माप जगभर मुबलक मिळतं, कारण ‘एन’ नावाच्या आणखी छोट्या मॉडेलांचं गेज नेमकं तेवढंच. रूळ, चाकं, मोटार बसवलेला खालचा सांगाडा, सगळं तयार मिळतं. वरचं अंग तेवढं हातानं घडवायचं. ज्या ब्रॉडगेजवर आज लातूरची गाडी धावते तिला टेबलावर मापाचे रूळ मिळत नाहीत, आणि जी नॅरोगेज उखडून गेली तिला अगदी चपखल बसतात!

ही नॅरोगेज ज्याच्या डोक्यातून निघाली तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा स्वतःच एका चित्रपटाचा ऐवज होता. अरब घोड्यांचा शौकीन, त्यांच्यावर पुस्तक लिहिणारा, आणि उतारवयात ‘गार्डियन एंजल’ नावाचं विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार करणारा. जी. आय. पी. रेल्वेत काम करायला तो हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गावरचं कुर्डुवाडी, त्या वेळचं बार्शी रोड, आणि कापसाच्या व्यापाराची बार्शी यांच्यात स्वस्तातली रेल्वे कशी करता येईल, हा त्याचा ध्यास. त्याचा मूळ विचार फार साधा: कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, हलक्या रुळांना हलका भराव पुरतो, आणि सगळा मार्गच स्वस्त होतो. पण मग ताकदीचं इंजिन कसं करायचं? वजन जास्त चाकांवर पसरून. म्हणून किटसननं बार्शीसाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाकं आणि मागं चार आधाराची. अरुंद रुळांवर ते लांबलचक जनावर. हिंदुस्थानात धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून या गाड्यांची जाहीर चाचणी झाली, तज्ज्ञ आणि लष्करी अधिकारी बघायला आले.

1897 मध्ये बार्शी लाइट सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चलच्चित्रांचे पहिले खेळ झाले होते आणि त्यांत एक तुकडा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा होता. म्हणजे पडद्यावरची गाडी मुंबईत आली आणि रुळांवरची बार्शीत, दोन्ही वर्षभराच्या आत. पुढं हा मार्ग 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचला. लातूर ते मिरज, सव्वातीनशे किलोमीटर. 1 जानेवारी 1954 ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. टिटफील्डचा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट.

कॅल्थ्रॉपनं बार्शीचं शिक्षण परत मायदेशी नेलं. 1904 मध्ये सुरू झालेली लीक आणि मॅनिफोल्ड ही इंग्लंडातली अडीच फुटी रेल्वे त्याच्याच हातची. तिची इंजिनंही किटसनचीच, त्यांतल्या एकाचं नावच ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’. त्या इंजिनांच्या कपाळावर भलेमोठे दिवे होते, इंग्लंडच्या दरीत कुणाला नको असलेले, पण बार्शीच्या माळावर शोभणारे. इंग्रजी खेड्यात हिंदुस्थानी थाटाची गाडी! ती 1934 मध्ये बंद पडली, पण हौशी मंडळी आजही तिची मॉडेलं आवडीनं घडवतात. म्हणजे बार्शीची धाकटी बहीण जगभरच्या टेबलांवर फिरते आहे, थोरली मात्र दुकानांच्या याद्यांत दिसत नाही. कारण उघड आहे. ज्या गाडीला चित्रपट, पुस्तक किंवा हट्टी चाहते मिळतात तिचा साचा होतो. टिटफील्डच्या कथेला मूळ प्रेरणा मिळाली ती वेल्समधल्या तालिथ्लिन रेल्वेपासून. 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ती जगातली पहिली वाचवलेली रेल्वे, आणि तीही नॅरोगेजच. बार्शी लाइटचे रूळ गेले तेव्हा आपल्याकडं ब्रॉडगेज आल्याचा आनंद मोठा होता, आणि तो रास्तच होता. लातूर थेट मुंबईला जोडलं जात असताना कोण नॅरोगेजसाठी रडत बसणार!

माथेरानची गाडी मात्र कॅल्थ्रॉपच्याच नात्यातली आणि अजून जिवंत. 1907 ची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांचा आराखडा कॅल्थ्रॉपचा, बांधणी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन आणि कॉपेलची. त्यांत एक नामी युक्ती होती. कडेच्या चाकांचा आस पोकळ नळीसारखा, आत दुसरा पक्का आस, आणि दोघांच्या मध्ये गोलाकार सांधा. त्यामुळं चाकं जोडदांड्यांनी फिरत राहूनही वळणावर जरा तिरपी होत. क्लीन-लिंडनर आस म्हणतात त्याला. छोट्या मॉडेलांना टेबलावरच्या आवळ वळणांत हाच प्रश्न पडतो. तिथं उपाय गावठी: मधल्या चाकांना आडवी ढिलाई ठेवायची किंवा त्यांची कडच काढून टाकायची.

तर समजा, कुणी किल्लारीत बसून बार्शी लाइटचा रेक करायला घेतला. इंजिनाचं अंग पितळी पत्र्याचं किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं. डबे लाकडी फळ्यांचे भासले पाहिजेत. वारीच्या दिवसांतला देखावा करायचा तर टपावर माणसं बसवावी लागतील, पागोटी-टोप्यांसकट. पण गाडीपेक्षा भोवतीचं गाव करणं जड. मुरुड, ढोकी, येडशी, पांगरी. काळी रानं, येडशीजवळचा बालाघाटचा घाट, तुरीच्या पोत्यांनी भरलेलं लातूरचं स्टेशन. आणि घरं दगडामातीची, वर जाड मातीचं माळवद. बाजारात मिळणारी इंग्रजी कौलारू घरं इथं कामाची नाहीत. माळवद हातानंच करावं लागेल, आणि या भागातल्या माणसाला ते नुसतं नेपथ्य वाटणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात याच जड छतांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतरचं किल्लारी नव्या जागी, आखीव रस्त्यांचं. जुन्या गावातल्या गल्ल्या कुणाला सांगायच्या तर म्हातारी माणसं अजून काठीनं जमिनीवर रेघा मारून दाखवतात. लेआउट करणारा माणूस प्लायवूडवर पेन्सिलीनं पहिली जी रेघ मारतो, ती याच जातीची.

गाडी मात्र रुळांवर हलली पाहिजे. साध्या पद्धतीत रुळांतूनच 12 व्होल्टपर्यंतचा प्रवाह जातो, एक रूळ धन, दुसरा ऋण. उलटसुलट केलं की गाडी मागं येते. नव्या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच संदेश धावतात. प्रत्येक इंजिनात एक चिप आणि तिचा क्रमांक. तीन नंबरला हुकूम दिला तर तीनच हलतं, शेजारचं उभं राहतं. त्याच चिपमध्ये शिट्टी आणि वाफेचे फुत्कारही भरलेले असतात.

आणि तरीही काहीतरी खोटं वाटतं. का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. आकार 87 पट लहान करता येतो, गुरुत्वाकर्षण नाही. खऱ्या पुलावरून एका सेकंदात जितकं पडायला होतं, तितकं मॉडेलात सेकंदाच्या नवव्या भागात होतं. म्हणून रुळावरून घसरलेलं मॉडेल पटकन, खेळण्यासारखं आपटतं, तिथं शेकडो टनांची सावकाश कोसळण नसते. सिनेमावाल्यांनी यावर फार जुना तोडगा काढला: लहान मॉडेल शूट करताना कॅमेराच वेगानं फिरवायचा. हिशेब आकाराच्या वर्गमूळाचा. 87 चं वर्गमूळ सव्वानऊच्या जरा वर, म्हणजे सेकंदाला 24 चौकटींऐवजी सव्वादोनशेच्या आसपास. मग नेहमीच्या गतीनं दाखवलं की तेच मॉडेल जड दिसतं. हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ (1938) ची सुरुवातच अशा एका बर्फाच्छादित मॉडेल-गावावरून होते. पाणी आणि धूर मात्र कुणाला जुमानत नाहीत. थेंबाचा आकार लहान करता येत नाही, म्हणून मॉडेलातली नदी लाखेसारख्या घट्ट रसायनाची आणि धूर बहुधा कापसाचा किंवा नाहीच.

टेबलावर कॅमेऱ्याची ही युक्ती चालत नाही, म्हणून चिपमध्ये ‘जडत्व’ भरतात. बटण सोडलं तरी इंजिन लगेच थांबत नाही, हळूहळू मंदावतं.

अंतराचं गणित आणखी गमतीचं. लातूर ते मिरज हा अख्खा मार्ग एचओ मापात मांडला तर लांबी साधारण पावणेचार किलोमीटर. किल्लारीच्या शिवारात सहज बसेल. आणि त्यावर खऱ्या तीस किलोमीटर वेगाच्या मापानं गाडी सोडली, तर ती सेकंदाला दहाएक सेंटिमीटर सरकेल. लातूरहून निघून मिरजेला पोचायला तिला किती वेळ लागेल? जवळजवळ अकरा तास. खऱ्या गाडीला त्या वेगानं न थांबता जितका लागला असता, नेमका तितकाच. रूळ आखडले, वेग आखडला, वेळ तसाच राहिला. ‘शोले’तले सात आठवडे काही मिनिटांत मावतात. इथं अकरा तासांचे अकरा तासच.

अर्थात शिवारभर रूळ कोण टाकणार. बहुतेकांची बार्शी लाइट सहा-आठ फुटांच्या फळीवर, एका स्टेशनापुरतीच होईल. खरे डबे पाहायची हौस असेल तर त्यासाठी आता फार लांब जायला नको. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेडब्यांचा कारखाना उभा आहे. 2020 च्या डिसेंबरात तिथून पहिला सांगाडा बाहेर पडला. ज्या तालुक्यांनी आजवर दुसऱ्याच्या कारखान्यातले डबे पाहिले, तिथली पोरं आता डब्याच्या कामाला जातात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाताला पितळी पत्रा कापायची गोडी लागली, तर त्याचं पहिलं काम आठ चाकांचं ते किटसनचं इंजिन असावं. सांगाड्यासाठी नऊ मिलिमीटरची चाकं टपालानं मागवता येतात. दिवा मात्र कपाळावर मोठाच बसवावा.